शौर्यपदकांचा भिंतीवरचा तक्ता आणि त्याची क्यूआर यादी, दोन महिने वापरून

आमच्या गावच्या वाचनालयासाठी आम्ही २६ जानेवारीच्या आधी ऑनलाइन हा तक्ता मागवला. चार फूट बाय तीन फूट, लॅमिनेट केलेला, साडेसहाशे रुपये, आणि खाली कोपऱ्यात क्यूआर कोड, तो स्कॅन केला की मोबाइलवर बाकीच्या पदकांची यादी उघडते असं लिहिलेलं. विक्रेत्याचं नाव मुद्दाम देत नाहीये, त्यांना सगळं मेलवर कळवलंय आणि त्यांनी दुरुस्त करावं एवढंच हवंय. पण कोणी शाळेसाठी किंवा ग्रामपंचायतीसाठी असाच तक्ता घेणार असेल तर ऑर्डर द्यायच्या आधी हे वाचा.

आधी चांगलं सांगते. छपाई एकदम स्वच्छ, पार्सल नळीत घालून आलं, एक घडी नाही. वरच्या ओळीत परमवीर चक्राचे सगळे २१ मानकरी, प्रत्येकाच्या खाली लढाईची जागा आणि तारीख, आणि बाजूला चौकटीत हे पदक सावित्रीबाई खानोलकरांनी डिझाइन केलं ही माहिती. मूळच्या युरोपातल्या, एका मराठी फौजी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्याच झालेल्या. आमच्या वाचनालयात येणाऱ्या किती बायकांना हे पहिल्यांदा कळलं, दोघी-तिघी तर तिथेच उभ्या राहून मोठ्याने वाचत होत्या. एवढ्यासाठी पैसे वसूल म्हणायला हरकत नाही.

पण आमचा भाग साताऱ्याकडचा, घरटी एक तरी माणूस फौजेत, त्यामुळे इथे लोक तक्ता बघायला येत नाहीत, नाव शोधायला येतात. आणि नाव सापडत नाही.

तक्ता लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी आबा आले, निवृत्त सुभेदार आहेत, वय ऐंशीच्या पुढे. त्यांना घाडग्यांचं नाव बघायचं होतं, नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्रीचे, १० जुलै १९४४ ला इटलीत लढाईत पडले आणि व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांच्या काळातलं सगळ्यात मोठं शौर्यपदक, मिळाला, माणगावात त्यांचा पुतळा आहे. आबा चष्मा कपाळावर, नाक लॅमिनेशनला टेकेल इतक्या जवळून बोट फिरवत होते, वर ट्यूबलाइटची चमक, अक्षर मुंगीएवढं. 'घ' मध्ये नाही. 'य' मध्ये नाही. शेवटी मीच शोधलं तर ते होतं 'न' मध्ये, कारण यादी बाराखडीने लावताना हुद्द्यासकट लावलीय, म्हणजे सगळे नाईक 'न' खाली, सगळे मेजर 'म' खाली! आणि तिथेही छापलंय 'घाटगे'. आबा म्हणाले, "पोरी, घाटगे कागलचे, हे आमचे घाडगे." मला इतकं वाईट वाटलं. दुसरे व्हिक्टोरिया क्रॉसवाले नामदेव जाधव, ते तक्त्यावर 'जादव' झालेत. इंग्रजी याद्यांमध्ये त्यांचं आडनाव कुठे एचसकट तर कुठे एचशिवाय असतं, तिथून कोणीतरी अक्षराला अक्षर लावून उतरवलं आणि मराठी माणसाला एकदाही दाखवलं नाही.

आडनावाने लावली असती तरी अर्धंच काम झालं असतं हेही मान्य करते. आपल्याकडे आडनावाने शोधायची सवय, पण परमवीर चक्रवाले अब्दुल हमीद, संजय कुमार यांना काय आडनावाने शोधणार? म्हणून हुद्दा, नाव, आडनाव, पलटण असे वेगळे रकाने लागतातच, आणि मोबाइलच्या यादीत नावाचा कुठलाही तुकडा टाइप केला तरी माणूस सापडायला पाहिजे.

मग एकाच माणसाचे दोन माणूस झालेत. ए. एस. वैद्य, लेफ्टनंट कर्नल, महावीर चक्र १९६५. आणि खाली चार ओळी सोडून ए. एस. वैद्य, ब्रिगेडियर, महावीर चक्र १९७१. हे एकच, आपले जनरल अरुणकुमार वैद्य, पुढे लष्करप्रमुख झालेले. दुसऱ्यांदा तेच पदक मिळालं की त्याला 'बार' म्हणतात, तो शब्द तक्त्यावर कुठेच नाही. नववीतल्या एका मुलाने प्रोजेक्टसाठी आकडा मोजला तर एक माणूस जास्त भरला, आणि त्याची काहीच चूक नव्हती.

सगळ्यात जास्त खटकलं ते मरणोत्तरचं. ज्यांना मरणोत्तर पदक मिळालं त्यांची नावं लाल आणि बाकीची काळी, बास, शब्द कुठेच नाही. मुलं तक्त्याचा फोटो काढून झेरॉक्स मारतात, झेरॉक्समध्ये सगळेच काळे. ज्याला लाल-हिरवा रंग नीट ओळखू येत नाही त्यानं काय करायचं? परमवीर चक्राच्या २१ पैकी १४ मरणोत्तर आहेत, ही रंगावर सोडायची गोष्ट आहे का. कारगिलचे परमवीर चक्रवाले योगेंद्र सिंह यादव यांचं माहितीच असेल, टायगर हिलवर इतक्या गोळ्या लागूनही जिवंत राहिले, दवाखान्यात उपचार चालू होते आणि इकडे पदक मरणोत्तर म्हणून जाहीर झालं, कारण त्याच पलटणीत त्याच नावाचा दुसरा जवान शहीद झाला होता. नाव सारखं असू शकतं, सर्व्हिस नंबर सारखा नसतो. आपल्या घरचाच माणूस तो, याची खात्री त्या एका नंबराने होते. त्याचा रकाना तर अजिबातच नाही.

अशोक चक्राच्या भागात अजून एक घोळ. १९५२ मध्ये हे पदक वर्ग १, २, ३ असं सुरू झालं आणि १९६७ मध्ये नावं बदलून अशोक चक्र, कीर्ति चक्र, शौर्य चक्र झाली. यांनी 'अशोक चक्र वर्ग २' ची जुनी नावं वेगळ्या चौकटीत टाकलीत आणि एका ओळीची टीप पण दिली नाही, त्यामुळे एका घरच्यांना वाटलं की आपल्या आजोबांचं पदक बंदच झालं. मी त्यांना बसवून समजावलं, की आजच्या भाषेत ते कीर्ति चक्र.

क्यूआरच्या यादीत सेनादल निवडायचं बटण आहे, स्थलसेना, नौदल, वायुदल. त्यात तुकाराम ओंबळे येत नाहीत, करकरे, कामटे, साळसकर पण नाहीत, कारण ते पोलीस. अशोक चक्र फौजेबाहेरच्यांनाही मिळतं, मग 'पोलीस आणि इतर' असं चौथं बटण ठेवायला काय झालं. आणि ही यादी म्हणजे नुसती स्कॅन केलेली पानं, अक्षर नाही, चित्र. सर्चमध्ये काहीही टाका, शून्य. आमच्याकडे एक मुलगी येते, तिला दिसत नाही, फोनवर टॉकबॅक लावून सगळं ऐकते, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिने मोठ्या हौसेने कोड स्कॅन करायला लावला आणि फोन नुसता "इमेज, इमेज" म्हणत राहिला. तिने काही न बोलता फोन बंद केला.

मागच्या वर्षी आम्ही दिल्लीला राष्ट्रीय युद्ध स्मारक बघायला गेलो होतो, इंडिया गेटजवळचं, तिथे एकेका जवानाचं नाव ग्रॅनाइटच्या वेगळ्या विटेवर कोरलंय, हजारो विटा, तरी नाव शोधायची सोय केलेली आहे. आमच्या ग्रुपमधल्या एका काकूंनी आपल्या दिराचं नाव शोधून त्यावरून हात फिरवला. तसं व्हायला पाहिजे, इतकंच म्हणणं आहे.

आणि एक शब्द. तक्त्यावर मोठ्या अक्षरात 'शौर्यपदक विजेते' लिहिलंय. पदक जिंकायला कोणी गेलं नव्हतं हो. 'मानकरी' लिहा.

पाचपैकी अडीच स्टार, ते परमवीरच्या ओळीसाठी आणि कागदासाठी. विक्रेत्यांचं उत्तर आलंय की पुढच्या छपाईत बघू. तोवर आम्ही एक्सेलमध्ये आमच्या तालुक्यातल्या मानकऱ्यांची यादी मराठीत टाइप करायला घेतलीय, हुद्दा, नाव, आडनाव, पलटण, सर्व्हिस नंबर, गाव, तारीख, आणि 'मरणोत्तर' हा शब्द पूर्ण लिहून. टॉकबॅकवाल्या मुलीने पहिल्या चाळीस ओळी ऐकून दोन चुका काढून दिल्या. आणि तक्त्यावर 'घाटगे' च्या जागी पांढरी पट्टी चिकटवून आबांनी स्वतःच्या हाताने, स्केचपेनने, 'घाडगे' लिहिलंय.