विकणाऱ्यानेच सर्व्हेअर आणून दिला, आणि आम्ही हो म्हणालो

जमीन घेण्याआधी मोजून घ्यावी, एवढं आम्हाला कळत होतं. कोणाकडून मोजून घ्यावी हे कळलं नाही, तिथेच फसलो. आमच्यासारखी वेळ दुसऱ्या कोणावर येऊ नये म्हणून हे लिहितोय.

कागदावर क्षेत्रफळ १००० चौरस मीटर. उत्तरेची बाजू ४० मीटर लांब, पलीकडे शेजारच्या काकांची जमीन. विकणारा म्हणाला, "आमचा नेहमीचा सर्व्हेअर आहे, परवानाधारक. तुम्ही कुठे शोधत बसता?" फी आम्ही दिली, म्हणून माणूस आमचा, असं धरून चाललो. तो आणखी कोणाकडून पैसे घेतो का, हा प्रश्न मनातसुद्धा आला नाही.

त्याने तासाभरात काम उरकलं. ईशान्येच्या कोपऱ्यात एक जुना दगड होता, निम्मा मातीत गाडलेला, माथ्यावर छिन्नीने कोरलेली फुली. त्याने त्यावर बूट टेकवला आणि म्हणाला, "हा हललाय, धरायचा नाही." मग काकांच्या बाजूला टेप लावून नवा खुंट ठोकला, वर लाल रंग फासला. काका तेव्हा बाहेरगावी होते. त्यांना फोन करू का विचारलं, तर म्हणाला, "काही गरज नाही, नंतर कळवू." दगडात आणि खुंटात एवढा फरक कसा, असंही मी विचारलं होतं. त्यावर उत्तर मिळालं, "पूर्वी टेपने मोजायचे. उन्हात टेप वाढते, त्यात फरक पडतो." मी मान डोलावली.

हिशेब मी फार उशिरा केला. तापमान एक अंशाने वाढलं की पोलादाची टेप दर मीटरमागे साधारण ०.०१२ मिलिमीटर वाढते. पूर्वेची बाजू २५ मीटर आणि तापमानातला फरक २० अंश धरला, तरी जेमतेम सहा मिलिमीटर होतात. खुंट दगडापासून १.८ मीटर लांब होता.

नकाशा आला तेव्हा त्यावर क्षेत्रफळ बरोबर १००० चौरस मीटर. आम्हाला हायसं वाटलं. खरं तर तो आकडा बघूनच थबकायला हवं होतं, कारण जुना कागद आणि नवी मोजणी यांत थोडीफार तफावत येतेच. ती अजिबात नसेल, तर आकडा जमिनीवरून आला की कागदावरून, हे विचारायलाच हवं.

व्यवहार झाला, खुंटाच्या रेषेत भिंतीचा पाया भरला, वर चार थर चढले. मग काका परत आले. ते भांडले नाहीत. दगडापाशी उभे राहून एवढंच म्हणाले, "अरे, दगड इथे आहे ना, मग भिंत तिथे कशी?"

त्यांनी दुसरी सर्व्हेअर बोलावली, आणि खरी मोजणी कशी असते ते मी तेव्हा पाहिलं. तिने आधी दोघांनाही लेखी कळवलं, दोघांचेही कागद मागितले. यंत्र लावण्याआधी अर्धा दिवस तिने फक्त जुन्या खुणा शोधण्यात घालवला. त्या दगडाभोवतीची माती तिने हाताने उकरली, तर खाली कोळशाचे तुकडे निघाले. कोळसा कुजत नाही, म्हणून हद्दीच्या दगडाखाली तो पुरायची जुनी पद्धत आहे. दगड जागचा हललेलाच नव्हता! तिच्या फील्डबुकात, म्हणजे मोजणीचे आकडे जागेवरच टिपायच्या वहीत, एक आकडा चुकला, तेव्हा तिने तो खोडरबराने पुसला नाही. एक रेघ मारून शेजारी नवा लिहिला, म्हणजे चूकही वाचता यावी. शेवटी मोजणी जिथून सुरू केली त्याच बिंदूवर परत आणली आणि किती तफावत राहिली, म्हणजे मोजणीत किती चूक आली, तेही दाखवलं.

पूर्वेची बाजू २३.२ मीटर भरली. पश्चिमेची २५ होतीच. क्षेत्रफळ ९६४. उरलेले ३६ चौरस मीटर विकणाऱ्याचे कधी नव्हतेच, आणि त्यांचे पैसे आम्ही मोजले होते. जाब विचारला तेव्हा विकणारा रागाच्या भरात बोलून गेला, की त्या सर्व्हेअरला प्रत्येक विक्रीमागे तो वेगळे पैसे देतो.

सर्व्हेअरांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १८७८ मध्ये पॅरिसला स्थापन झाला. त्याच्या आचारतत्त्वांत हितसंबंधांचा गुंता उघड करावा, असं सांगितलेलं आहे. चूक कोणाकडूनही होते, ती मी माफ केली असती. पण हद्द ही रेषा दोन घरांची असते. फी एक जण देतो, तरी सर्व्हेअरवर भरवसा दोघांना ठेवावा लागतो. त्या भरवशाचा सौदा केला, तर शेजाऱ्याचीही फसवणूक होते, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

तेव्हा सर्व्हेअर स्वतः शोधा. विकणाऱ्याशी, दलालाशी किंवा शेजाऱ्याशी त्याचा काही व्यवहार आहे का, ते लेखी घ्या. कोणत्या जुन्या खुणांवरून सुरुवात केली ते विचारा आणि फील्डबुकाची प्रत मागा. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्याला बोलवाच. तो नको, असं कोणी म्हणालं तर मोजणी तिथेच थांबवा. आणि मोबाइलवरच्या नकाशावर हद्द ठरवू देऊ नका; उघड्या माळावरही मोबाइलचं जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतं.

भिंत आम्ही स्वखर्चाने पाडली. काकांनी मजूर लावू दिले नाहीत, त्यांची दोन्ही मुलं पहार घेऊन आली. परवाना देणाऱ्या संस्थेकडे आम्ही तक्रार केली आहे, काकांचीही सही आहे. संस्थेने त्या सर्व्हेअरकडे त्या दिवसाचं फील्डबुक मागितलंय. दोन महिने झाले, ते अजून जमा झालेलं नाही.