वैकुंठ स्मशानभूमी, नवी पेठ: निघण्याआधी ठरवायच्या गोष्टी

पुण्यात ‘वैकुंठात न्यायचं आहे’ एवढं म्हटलं की पत्ता सांगावा लागत नाही. शास्त्री रस्त्यालगत, मुठेच्या काठी असलेली महापालिकेची ही स्मशानभूमी शहराच्या मध्यात आहे. कुठूनही रिक्षाने पोचता येतं, हा तिचा गुण. शेजारी दाट वस्ती असल्याने धुराच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालू आहेत, हा त्याच जागेचा दोष. संध्याकाळच्या गर्दीत शववाहिनी पुढे आणि माणसं मागे, असं होऊ शकतं. अंत्यसंस्काराचा पास (महापालिकेची परवानगी) आणि कागद असलेल्या माणसाने गाडीतच बसावं.

मृत्यूच्या कारणाचं डॉक्टरी प्रमाणपत्र दोन प्रकारचं. रुग्णालयात मृत्यू झाला तर नमुना ४, घरी झाला तर डॉक्टरांचा नमुना ४ अ. अपघात किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर आधी पोलिसांची परवानगी. नाव आधार कार्डावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर लिहून घ्यावं. ‘विष्णु’चं ‘विष्णू’ झालं की पेन्शन आणि बँकेत महिनोन्महिने हेलपाटे. मृत्यूनोंदणीची मुदत २१ दिवसांची.

लाकडाची चिता की दाहिनी (विजेची किंवा गॅसची भट्टी), हे घरीच ठरवावं. फाटकाशी उभं राहून चार काकांचं मत घेतलं तर तासभर जातो. चितेला साधारण ३०० ते ४०० किलो लाकूड लागतं, शिवाय गोवऱ्या. पावसाळ्यात ओलं लाकूड आलं तर धूर जास्त, जाळ कमी, आणि मग कोणीतरी रॉकेल ओतायला निघतं. ते करू नये. भडका उडतो आणि जवळ उभ्या कर्त्यालाच (अंत्यविधी करणाऱ्याला) भाजतं. खाली बारीक, सुकं लाकूड, छातीवर आणि मांड्यांवर जाड ओंडके, मधे हवेला वाट, एवढं सांभाळलं की चिता नीट पेटते. अस्थी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सावडायच्या.

दाहिनीत तास-दीड तासात काम होतं आणि अस्थी त्याच दिवशी मिळतात. आमच्या मते बाहेरगावच्या नातेवाइकांना परतायचं असेल तर हीच सोय बरी. मात्र दाहिनीचं दार बंद झालं की पुन्हा दर्शन नाही, हे घरच्यांना आधी सांगावं. पेसमेकर असेल तर तो रुग्णालयातच काढून घ्यावा; उष्णतेने त्याची बॅटरी फुटते आणि भट्टीच्या विटांना तडे जातात. अख्खा नारळ, काचेची बाटली, प्लास्टिकचे हार, नायलॉनची शाल हे सगळं बाहेरच काढावं. तिरडीच्या सुतळीसाठी एक ब्लेड खिशात असावं. ते हमखास विसरतं आणि ऐन वेळी दातांनी गाठी सोडाव्या लागतात.

थांबणाऱ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या, उन्हाळ्यात छत्र्या आणि म्हाताऱ्यांसाठी एखादी घडीची खुर्ची सोबत असावी. तिथे जागा मिळेलच अशा भरवशावर राहू नये. भीमसेन जोशी (२०११) आणि बाबासाहेब पुरंदरे (२०२१) यांना इथेच शासकीय इतमामात निरोप दिला गेला. अशा दिवशी बंदोबस्त असतो, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारावं.

मडकं ज्या खड्याने फोडलं तो अश्मा दहाव्या दिवसापर्यंत लागतो. गडबडीत तो तिथेच पडतो आणि मग ओंकारेश्वराच्या घाटावर भटजींनी मागितल्यावर सगळे एकमेकांकडे बघतात. मडकं फोडलं की लगेच तो रुमालात बांधून कर्त्याच्या हाती द्यावा.