जुनं चर्च की हॉलमधली मंडळी?

मुंबईत घर बदललं की पेच पडतो: भायखळ्याचं जुनं चर्च धरून राहायचं, की नव्या घराजवळ भाड्याच्या हॉलमध्ये भरणारी स्वतंत्र मंडळी? गाणी, स्पीकर, बॅनर बाजूला ठेवा. बायबलमधल्या यहेज्केल ३४ ची कसोटी लावा; तिथे देव लोकांच्या पुढाऱ्यांना वाईट मेंढपाळ म्हणून जाब विचारतो: दुबळ्याला बळ दिलं का, मोडलेल्याला पट्टी बांधली का, हरवलेल्याला शोधलं का?

भेटीगाठींत हॉल सरस. पाळक, म्हणजे मंडळीचा पास्टर, दोन गल्ल्या सोडून राहतो. कुणी केईएममध्ये दाखल झालं की भेटीच्या वेळेत खाटेपाशी हजर. जुन्या चर्चची कुटुंबं विरार-कल्याणपर्यंत पांगलेली. तीन रविवार दिसला नाहीत, तरी फोन येईलच असं नाही.

पैशात उलटं. यहेज्केलातले मेंढपाळ चरबी खातात, लोकर पांघरतात, कळप उपाशी. जुन्या चर्चमध्ये दान दोघं मोजतात, हिशेब वार्षिक सभेत येतो. हॉलमधला क्यूआर कोड पाळकाच्या स्वतःच्या खात्याचा असेल तर पावती मागा. ‘अभिषिक्ताला (देवाने नेमलेल्याला) प्रश्न विचारू नका’ असं उत्तर आलं, की चपला घाला.

बदलीचं म्हणाल, तर जुन्या चर्चचा चांगला पाळक ओळख होईतो जातो. पण वाईटही जातो. संस्थापक पाळक हलत नाही. योहानाच्या शुभवर्तमानातल्या १० व्या अध्यायातला मोलकरी, म्हणजे मजुरीवर ठेवलेला मेंढपाळ, लांडगा पाहून पळतो, हे वेगळं दुखणं!

घरात आजारपण, म्हातारे आईवडील असतील तर हॉल, हिशेब उघडा असेल तरच. लग्न, दफनाची जागा हवी असेल, किंवा आधीच्या पाळकाने पोळलेले असाल तर जुनं चर्च. तिथे तक्रार ऐकायला निदान वर बिशप असतो.