बिलात ग्रीसिंग, बिजागरीत गंज

जरा मोठं आहे पण गाडी असलेल्या सगळ्यांनी वाचा, कारण मला सलग तीन सर्व्हिसिंगला फसवलं आणि मला पत्ताच नव्हता. दर बिलात एक ओळ असायची, दारं आणि बॉनेटच्या बिजागऱ्यांना ग्रीसिंग, अँटी रस्ट. मी पैसे द्यायचो आणि गाडी घेऊन निघायचो.

ड्रायव्हर साइडचं दार कुरकुरायला लागलं तेव्हा सांगितलं तर म्हणाले आत्ताच तर केलंय, वापरात सेट होईल. परत नेलं की दोन दिवस आवाज बंद, मग पुन्हा तेच. पुढे पुढे तर दार जरा उचलून लावावं लागायचं, तरी मला वाटलं गाडीचं वय झालं, असं होत असेल.

शेवटी कळलं ते बॉनेटमुळे. सर्व्हिसिंगहून गाडी आणली त्याच संध्याकाळी वायपरचं पाणी भरायला बॉनेट उघडलं तर उजव्या बिजागरीच्या सांध्यात कोळ्याचं जाळं, त्यात अडकलेलं वाळकं पान, सगळं धुळीसकट जसंच्या तसं. तिथे कुणी बोट जरी लावलं असतं तरी ते जाळं राहिलं असतं का? मग टॉर्च घेऊन चारी दारं बघितली. बाहेरून ओलसर चकचकीत, पण बिजागरी ज्या पिनेवर फिरते तिच्या फटीत टिश्यू फिरवला की तांबूस भुकटी. ड्रायव्हरचं दार अर्धं उघडून कडेला धरून वर उचललं तर टक टक हलतंय, म्हणजे खालची पिन झिजलेली. आणि तिसऱ्या बिलात चक्क "बिजागरी काढून साफ केली" लिहिलेलं, पण तिच्या बोल्टवरचा कंपनीचा रंग अखंड. पाना लागला की तो रंग तुटतोच हो.

जाब विचारला तर म्हणे स्प्रे मारलाय. मारला असेल वरच्यावर. डब्ल्यूडी-40 सारखा पातळ स्प्रे मुळात पाणी हटवायला केलेला, 1953 सालचा फॉर्म्युला, डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंटच. गंज ढिला करायला, अडकलेली पिन सोडवायला चांगलाच आहे, पण थर पातळ असतो, सतत घासणाऱ्या सांध्यात टिकत नाही, वरून ग्रीस लागतंच. माझ्या दाराचा आवाज दोनच दिवस का थांबायचा ते तेव्हा समजलं.

आता मी घरीच करतो. जुन्या टूथब्रशने माती काढायची, पातळ स्प्रे मारून दार दहा-पंधरा वेळा उघडझाप करायचं, काळं-तांबडं पाणी बाहेर येतं ते पुसायचं आणि मग पांढरं लिथियम ग्रीस पिनेच्या वरून आणि खालून, परत उघडझाप, जास्तीचं पुसून टाकायचं नाहीतर धूळ चिकटते. दाराच्या रबराला हे ग्रीस लावू नका, रबर फुगतं, त्याला सिलिकॉन स्प्रे. बॉनेटचं लॉक आणि त्याचा सेफ्टी हुक अजिबात विसरू नका, लॉक सुटलं तर बॉनेट धरून ठेवणारा तो हुक गंजून उघडाच अडकला असेल तर चालत्या गाडीत बॉनेट उघडून काचेवर येऊ शकतं.

सर्व्हिसिंगला देणारच असाल तर आधी बिजागऱ्यांचे आणि बोल्टचे जवळून फोटो काढून ठेवा आणि गाडी घेताना पैसे द्यायच्या आधी टिश्यू फिरवा. माझ्याकडे आधीचे फोटो नव्हते म्हणून त्यांनी फक्त शेवटच्या बिलातली ती एक ओळ कमी केली. ड्रायव्हरच्या दाराची खालची बिजागरी मात्र बदलावीच लागली, बाकी तीन दारं वाचली.