लालेमंडचं 'म्युनिक क्लासिक' यीस्ट: काही महिने वापरल्यानंतर

गेल्या हिवाळ्यापासून म्युनिकच्या घरी वाइसबिअरसाठी, म्हणजे गव्हाच्या जर्मन बिअरसाठी, लालेमंड कंपनीचं हेच सुकं यीस्ट वापरतोय. ११ ग्रॅमची पुडी, २० लिटरची बॅच, निम्म्याहून जास्त गव्हाचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य). पुडी मनापासून आवडली, कारण तापमान जरा हललं की चवीत लगेच कळतं.

या बिअरमध्ये फळ अजिबात नसतं, तरी केळ्याचा वास येतो. माल्टमधल्या ल्युसिन या अमिनो आम्लापासून यीस्ट आयसोअमाइल अल्कोहोल बनवतं आणि त्याचं पुढे आयसोअमाइल ॲसिटेट करतं. पिकल्या केळ्यातही हाच एस्टर (फळासारखा वास देणारं संयुग) असतो. माझ्याकडे १८ अंशांना केळं मागे राहून लवंग पुढे येते. २२ अंशांना मात्र फर्मेंटरचं (बिअर आंबवायच्या भांड्याचं) झाकण उघडताच शिकरणाची वाटी समोर ठेवल्यासारखं वाटतं! त्याहून फार वर मी नेत नाही. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं इथाइल ॲसिटेटही मग वाढायला लागतं आणि घोट घशाला टोचतो.

लवंग हवी असेल तर मॅशपासूनच, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवण्यापासूनच, लक्ष द्यायला हवं, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. मी सुरुवातीला मॅश ४४ अंशांच्या आसपास थोडा वेळ थांबवतो. त्यात धान्याच्या सालीतलं फेरुलिक आम्ल सुटतं आणि यीस्ट त्यापासून लवंगेचा वास देणारं ४-व्हिनाइल ग्वायाकॉल बनवतं. लागरच्या (थंड तापमानात आंबवलेल्या बिअरच्या) यीस्टला हे जमत नाही. ही पायरी गाळली की नुसतं गोडसर केळं उरतं, मला ते अपुरं वाटतं.

फेस जबरदस्त येतो. फर्मेंटरमध्ये वर भरपूर जागा ठेवा आणि पहिले दोन दिवस एअरलॉकऐवजी (वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न येऊ देणाऱ्या झडपेऐवजी) जाड नळी लावा. यीस्ट नीट खाली बसत नाही, बिअर गढूळ राहते. वाइसबिअरला ते शोभतंच. उंच टाकीत तळाशी दाब जास्त असतो, तिथे एस्टर कमी बनतात. त्यामुळे घरचं बुटकं, पसरट भांडं इथे फायद्याचं ठरतं.

बाटल्या साठवून ठेवू नका. केळं सगळ्यात आधी उडतं, काही महिन्यांनी फरक स्पष्ट जाणवतो.

म्युनिकजवळच्या फ्राइजिंगमधल्या वाइनश्टेफानचं ६८ नंबरचं द्रव यीस्ट जास्त भरदार लागतं, हे मान्य. पण ते महाग पडतं आणि ताजंच वापरावं लागतं. रोजच्या बॅचला मी हीच पुडी घेईन, १९ अंशांवर सुरू करून दुसऱ्या दिवसापासून हळूहळू २१ पर्यंत चढू देत.