मंदिराच्या भिंतीला लागून, समुद्र दोन मिनिटांवर

पुरीला एकटं जायचं ज्यांच्या मनात आहे, खास करून बायकांच्या, त्यांच्यासाठी हे लिहितेय. लॉजच्या खोट्या बुकिंगमध्ये माझे ८,४०० रुपये गेले. कुणाला ही रक्कम लहान वाटेल. माझ्या यात्रेच्या खर्चातला तो जवळजवळ निम्मा पैसा होता. आणि परक्या गावात, हातात बॅग घेऊन उभं असताना ‘तुमचं नाव वहीत नाही’ हे ऐकायची वेळ आणखी कुणावर येऊ नये असं मला फार वाटतं.

मी जळगावची. दाणाबाजारात एका आडत दुकानात तीस वर्षं हिशेब लिहितेय, आधी रोजमेळ-खतावणीत, आता टॅलीत. आमच्याकडे कार्तिकी एकादशीला रामरथ निघतो. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी तो बघितला, चाकाखाली लाकडी मोगरी लावून रथ वळवणाऱ्या माणसांचे हात बघितले. तेव्हापासून मनात होतं, की एकदा पुरीचा तो मोठा रस्ता पायी चालायचा. जगन्नाथाच्या मंदिरापासून गुंडिचा मंदिरापर्यंत सुमारे तीन किलोमीटरचा, ज्याला तिथे बडदांड म्हणतात. रथयात्रेची गर्दी मला झेपणारी नव्हती, म्हणून कार्तिक पौर्णिमा धरली. आईचं आजारपण होतं तोवर घर सोडता आलं नाही. मागच्या वर्षी ती गेली. यंदा ठरवलं, जायचंच, आणि एकटीनं जायचं. भुसावळहून पुरीला थेट गाडी आहे, तिकीट सहज मिळालं. प्रश्न राहिला तो खोलीचा.

माझ्या अटी तीनच होत्या. भाडं पंधराशेच्या आत. गुडघा दुखतो म्हणून मंदिर आणि समुद्र दोन्ही पायी जाता येईल असं ठिकाण. आणि अंधार पडल्यावर अनोळखी रिक्षात बसायची वेळ येऊ नये. या तिन्ही अटी मी पहिल्याच फोनवर समोरच्याला सांगून टाकल्या. आपल्याला काय हवं ते आपणच आधी सांगितलं, की फसवणाऱ्याला फक्त ‘हो’ म्हणायचं उरतं. हे मला आता कळतंय.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोबाईलवरच्या नकाशात एक लॉज सापडला. फोटो चांगले, लोकांचे अभिप्राय चांगले, खाली फोन नंबर. लावला. पलीकडून अगदी गोड आवाज, “जय जगन्नाथ, माताजी.” विचारलं, मंदिर किती लांब? “मंदिर की दीवार से सटा हुआ है माताजी, सिंहद्वार दो मिनट. और बाल्कनी में खड़े रहो तो सामने समुद्र.” मला काय हवं होतं ते सगळं एका वाक्यात मिळालं आणि मी तिथेच भुलले.

इथे थांबून सांगते, कारण खरी मेख याच वाक्यात आहे. पुरीचं मंदिर आणि समुद्र एकमेकांना लागून नाहीत. स्वर्गद्वाराजवळचा, सगळ्यात गजबजलेला किनारा मंदिरापासून किलोमीटरभराहून जास्त लांब आहे. रेल्वे स्टेशन तिसऱ्याच बाजूला. तिथून मंदिर दोन-अडीच किलोमीटर. भिंतीला लागून लॉज असणं तर आता शक्यच नाही. मंदिराच्या मेघनाद पाचेरी नावाच्या बाहेरच्या कोटाभोवती ७५ मीटर रुंदीचा पट्टा मोकळा करून परिक्रमा मार्ग बांधलाय, १७ जानेवारी २०२४ ला त्याचं लोकार्पण झालं. कोटाला खेटून असलेली जुनी घरं, दुकानं, लॉज त्याआधीच पाडली गेली. म्हणजे भिंतीला लागून खोली आणि बाल्कनीतून समुद्र, यातली पहिली गोष्ट खोटी होती आणि दोन्ही एकत्र तर अशक्यच. ज्या नकाशात मी नंबर शोधला, त्याच नकाशात पायी अंतर मोजलं असतं तर मिनिटभरात कळलं असतं. मी त्या माणसाच्या तोंडची मिनिटं ऐकली, रस्ता मोजला नाही.

पुढचं सगळं अर्ध्या तासात झालं. “कार्तिक में एक ही रूम बचा है, दस मिनट होल्ड करता हूँ.” रोजचे १,४०० प्रमाणे चार रात्रींचे ५,६००. निम्मे, म्हणजे २,८००, आगाऊ. आधारकार्डाचा फोटो मागितला, तोही पाठवला. पैसे पाठवताना मोबाईलवर एका बाईचं नाव आलं. लॉजचं नाव नाही, आडनावसुद्धा तिकडचं वाटेना. विचारलं तर म्हणाला, “मालकिन का खाता है.” पाठवले.

पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर बिल आलं. वर जगन्नाथाचं चित्र, खाली शिक्का. लगोलग फोन, “माताजी, सिस्टम आधी रकम नहीं ले रहा, बिल नंबर मैच नहीं हो रहा. पूरा ५,६०० एक साथ भेजिए, पहलेवाला २,८०० काउंटर पर नगद मिल जाएगा.” हिशेबाच्या भाषेत बोलला म्हणून मला ते खरं वाटलं. दुकानात पार्टीचं पेमेंट बिलाशी जुळलं नाही की आम्हीही असंच बोलतो. दुसऱ्यांदा पाठवले. दोन्ही मिळून ८,४००.

त्या रात्री शेजारच्या पारोळ्याच्या ताई आल्या होत्या. त्यांना बिल दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, “आक्का, या कागदवर तुमनं नाव तरी शे का?” नव्हतं. ‘गेस्ट’ एवढंच लिहिलं होतं. मी म्हटलं, तिथे गेल्यावर लिहितील. त्याच रात्री उठून १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला असता तर कदाचित काही हाती लागलं असतं.

एकादशीचा रथ बघितला आणि त्याच रात्री बॅग घेऊन भुसावळ गाठलं. त्रयोदशीला सकाळी पुरी. ई-रिक्षावाल्याला पत्ता दाखवला. लॉज खरोखरच होता, पण मंदिराजवळ नाही आणि समुद्राजवळही नाही. मधल्या एका गल्लीत, तळमजल्यावर खाजाचं दुकान असलेली दुमजली इमारत.

काउंटरवर साठीचे मॅनेजर होते. समोर लांब, लाल कापडी बांधणीची नोंदवही, आमच्या दुकानात पूर्वी असायची तशी. मी नाव सांगितलं. त्यांनी वहीवर बोट ठेवलं आणि एकेका ओळीवरून खाली आणलं. मग मागचं पान उलटून तिथेही बघितलं. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी माझ्या मोबाईलवरचा नंबर वाचला आणि काउंटरच्या काचेखालचं कार्ड माझ्याकडे सरकवलं. त्यावर वेगळाच नंबर होता. म्हणाले, “दीदी, ये हमारा नंबर नहीं है. इस महीने आप चौथी हैं.” कुणीतरी नकाशावर त्यांच्या लॉजपुढचा नंबर बदलला होता. अशा नकाशावर माहिती ‘सुधारायला’ कुणीही सुचवू शकतं, ती सोय अशीही वापरली जाते.

मी तिथेच उभी राहून त्या माणसाला फोन लावला. त्यानं उचलला! आवाज तसाच गोड. “गलती हो गई माताजी, अभी रिफंड देता हूँ, एक कोड भेजा है, स्कॅन करके पिन डालिए.” कोड आला. मी स्कॅन केला, ८,४०० चा आकडा दिसला, पिन टाकायला बोट उचललं, तोच मॅनेजर काउंटरवर वाकले आणि मोबाईलच्या काचेवर आडवा पंजा ठेवला. “पिन डालने से पैसा आता नहीं दीदी, जाता है.” तेवढ्यानं दुसरे ८,४०० वाचले. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. मला हे ठाऊक होतं. दुकानातल्या पोरांना मीच शिकवलंय. पण रात्रभराचं जागरण, परकं गाव, आणि पैसे परत मिळतील ही आशा असली की ठाऊक असलेलंही त्या क्षणी आठवत नाही.

त्यांच्याकडे खोली नव्हती. कार्तिकाचे शेवटचे पाच दिवस, ज्याला तिथे पंचुक म्हणतात, पुरी गच्च भरलेली असते. महिनाभर व्रत करणाऱ्या वयस्क बाया, त्यांना हबिष्याळी म्हणतात, जागोजागी दिसतात. मॅनेजरांनी माझी बॅग काउंटरमागे ठेवून घेतली, चहा दिला आणि म्हणाले, आता हात मोकळे ठेवून पायी फिरा, खोली डोळ्यांनी बघा, मग पैसे द्या.

मी तसंच केलं. चक्रतीर्थ रोडच्या एका आतल्या गल्लीत ९०० रुपयांची खोली मिळाली. आधी पाणी सोडून बघितलं, कडी लावून बघितली. मग दारापासून वाळूपर्यंत स्वतः चालले, घड्याळ बघून. माझ्या गुडघ्याच्या चालीनं नऊ मिनिटं. वाटेत दिवाबत्ती आहे का, रात्री उघडी दुकानं कोणती, हे कोपऱ्यावर शेंगा विकणाऱ्या बाईला विचारलं. ती म्हणाली, दहापर्यंत गजबज असते, नंतर आतल्या बाजूनं नका येऊ. ही माहिती कुठल्याही फोटोत नव्हती. मंदिर तिथून लांब पडतं, मी सकाळी ई-रिक्षानं गेले. ‘दोन्ही पायी’ हा हट्ट सोडला आणि माझा प्रश्न सुटला. एकटीच्या संध्याकाळसाठी समुद्र जवळचा हवा, मंदिर दिवसाउजेडी वाहनानं चालतं. जायच्या आधी एवढा विचार केला असता तर त्या माणसाकडे मला विकायला काही उरलंच नसतं.

संध्याकाळी खोलीवरून १९३० ला फोन केला. बाईंनी शांतपणे सगळं ऐकलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “पैसे कधी गेले?” दहा दिवस झाले म्हटल्यावर क्षणभर काही बोलल्या नाहीत. पैसे गेल्या गेल्या कळवलं तर पुढच्या खात्यात ते अडवता येतात, खात्याखात्यातून फिरून बाहेर काढले की फार कमी हाती लागतं, असं त्यांनी सांगितलं. सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक मिळाला. जळगावला परतल्यावर बँकेत आणि पोलिसांकडे लेखी दिलं. त्या खात्यात काहीच शिल्लक नव्हतं. बँकेनं सांगितलं, पिन तुम्ही स्वतः टाकलाय, त्यामुळे भरपाई देता येत नाही.

आधारच्या फोटोची काळजी वेगळीच. आता कुणालाही कार्ड पाठवायचं झालं तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं, मास्क केलेलं आधार पाठवते. ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतं. बायोमेट्रिकही लॉक करून टाकलं.

घरी येऊन ते बिल मी पुन्हा उघडलं, या वेळी दुकानात एखादं बिल तपासते तसं. जीएसटी क्रमांकात पंधरा अक्षरं-आकडे असतात. मोजले, चौदाच भरले. पहिले दोन आकडे राज्याचे असतात. आपला महाराष्ट्र २७, ओडिशा २१. या बिलावर ०७ होतं, म्हणजे दिल्ली. जीएसटीच्या पोर्टलवर कुठलाही क्रमांक टाकून व्यापाऱ्याचं नाव बघता येतं, लॉगिन लागत नाही. रोज पाच-पंचवीस बिलांवर माझी नजर याच आकड्यांवरून फिरते. या एका बिलावर फिरली नाही, कारण मी ते बिल म्हणून बघितलंच नाही, देवाचं बोलावणं म्हणून बघितलं.

एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं यात्रेकरूंसाठी इशारा काढला होता. केदारनाथचं हेलिकॉप्टर, सोमनाथची अतिथीगृहं यांच्या नावानं खोटी संकेतस्थळं आणि नंबर चालवून लोकांना लुटतात असा. तो मी परत आल्यावर वाचला. पुरीतही मंदिर प्रशासनाची स्वतःची भक्तनिवासं आहेत, नीलाद्री, नीलाचल वगैरे. त्यांची नोंदणी प्रशासनाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच करा, कुणी फोनवर ‘मी करून देतो’ म्हणालं तर फोन ठेवा. खाजगी लॉज असेल तर नंबर किमान दोन वेगळ्या जागी सारखाच मिळतो का बघा, आणि शक्य असेल तर पहिल्या रात्रीचेच पैसे द्या, तेही पोचल्यावर. आणि अंतर विचारू नका, मोजा. कुठल्या दारापासून, कुठल्या घाटापर्यंत, पायी.

पौर्णिमेला पहाटे मी समुद्रावर गेले. बाया-माणसं केळीच्या सोपांच्या छोट्या होड्यांत दिवे लावून पाण्यावर सोडत होती, बोइत बंदाण म्हणतात त्याला. एका आजींनी मलाही एक होडी दिली. आईच्या नावानं सोडली.

परतताना त्या मॅनेजरांना भेटून आले. मोबाईलवरचा चुकीचा नंबर कळवायचा कसा ते त्यांना दाखवलं, आम्ही दोघांनी मिळून तो कळवला. आठवड्यानं नकाशावर खरा नंबर आला. परवा पुन्हा बघितलं. तिथे तिसराच कुठलातरी नंबर आहे. लावून पाहिला. “जय जगन्नाथ, माताजी.”