जुना लॅपटॉप, नागपूरचा मे महिना आणि तीन फुकट प्लेअर

व्हिडिओ बघायच्या तीन फुकट सॉफ्टवेअरपैकी (प्लेअरपैकी) कोणतं ठेवायचं, याचा निकाल आधी सांगून टाकतो. टीव्हीला जोडलेल्या लॅपटॉपवर बाबांसाठी व्हीएलसी, माझ्यासाठी एमपीव्ही, आणि अडीअडचणीला एमपीसी-एचसी. हिवाळ्यात तिन्ही टाकले तेव्हा महिन्याभरात एक ठेवून बाकीचे काढायचे असं ठरलं होतं, पण थंडीत तिघांत फारसा फरकच कळेना. तो कळला एप्रिलमध्ये, लॅपटॉपचा पंखा कूलरशी स्पर्धा करायला लागल्यावर.

लॅपटॉप जुना आहे: सहाव्या पिढीचा इंटेल आय-थ्री, आठ जीबी रॅम, विंडोज १०. सीताबर्डीहून आणलेल्या एचडीएमआय केबलने तो हॉलमधल्या टीव्हीला कायमचा जोडलाय. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणं नेहमीचंच, त्यामुळे कोणता प्लेअर दिसायला छान यापेक्षा कोणता मशीन तापवत नाही हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बाबांचा हात एकदा लॅपटॉपच्या बुडाला लागला तर म्हणाले, "बाप्पा, यावर त पापड भाजून निघतीन."

यातली खरी गोम प्लेअरच्या नावात नाही. फाइलमध्ये दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडायचं काम प्रोसेसरने स्वतः करायचं, की ग्राफिक्स चिपमध्ये खास त्यासाठी असलेल्या भागाकडे सोपवायचं, यावर सगळं ठरतं. सोपवलं तर प्रोसेसर जवळपास निवांत बसतो, नाहीतर पंखा बोंबलतो. आपल्याकडे काय चाललंय ते पाहायचं असेल तर व्हिडिओ सुरू ठेवून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर (म्हणजे ग्राफिक्स चिपवर) जा आणि 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख बघा. तो सपाट पडलेला असेल तर सगळा भार प्रोसेसरवर आहे. व्हीएलसीत हे सोपवणं मुळातच 'ऑटोमॅटिक' असतं. एमपीव्हीत ते मुळात बंद असतं, आणि हे अनेकांना माहीत नसतं. हलका म्हणून तो टाकतात आणि मशीन का तापतं म्हणून विचारत बसतात. कंट्रोल आणि एच दाबलं की चालू होतं. कायमचं हवं असेल तर सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ लिहावी लागते. चालू झालं की नाही, किती फ्रेम (व्हिडिओतली एकेक चित्रं) सुटल्या, हे 'आय' दाबल्यावर पडद्यावरच दिसतं. ही एक सोय मला इतकी आवडली की एमपीव्ही काढवलाच नाही.

आता दिवाळीत भाच्याने त्याच्या आयफोनवर घेतलेले व्हिडिओ. माझ्या फोनचे व्हिडिओ एच.२६५ चे (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) आणि त्याचेही एच.२६५ चेच. माझे थंडपणे चालायचे, त्याचे लावले की अडखळायचे आणि पंखा सुरू. फरक बिटांचा निघाला. नव्या आयफोनवर एचडीआर (उजेड-अंधार जास्त ठळक टिपायची सोय) चालू असलं की व्हिडिओ १० बिटांचा होतो, म्हणजे रंगांच्या छटा जास्त. सहाव्या पिढीच्या इंटेल चिपमध्ये ८ बिटांच्या एच.२६५ ची पूर्ण सोय आहे, १० बिटांची नीट सोय सातव्या पिढीपासून आली. तेव्हा तिथे प्लेअर बदलून काडीचाही उपयोग नाही. मी तिन्हींत लावून पाहिलं, तिघांचीही तीच गत. हँडब्रेक नावाचं आणखी एक फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यातून ते व्हिडिओ ८ बिटांच्या एच.२६४ या जुन्या पद्धतीत करून घेतले. रात्री लावून झोपायचं, सकाळी तयार. फाइली मोठ्या होतात, होऊ द्या. बदलणं शक्य नसेल तर त्यातल्या त्यात एमपीव्हीत रंग बरे दिसतात. एचडीआरचा व्हिडिओ साध्या टीव्हीवर धुतल्यासारखा फिका पडू नये म्हणून तो रंग स्वतः जुळवून घेतो.

पण एमपीव्ही बाबांच्या हाती देण्यासारखा नाही. त्यात मेन्यूची पट्टी जवळजवळ नाहीच, सगळं कीबोर्डवर. बाबांची मागणी एकच होती: "काल जिथं सोडलं तिथूनच सुरू झालं पाह्यजे. दरवेळी पह्यलेपासून काहून?" व्हीएलसी हे विचारतं खरं, पण वर एक बारकी पट्टी येते आणि बाबा चष्मा शोधेपर्यंत निघून जाते. प्रेफरन्सेसमध्ये इंटरफेसखाली 'कंटिन्यू प्लेबॅक' आहे, ते 'ऑलवेज' केलं आणि विषय संपला. फाइल कोणतीही असो, डबल क्लिक केलं की सुरू होते, वेगळे कोडेक (व्हिडिओ उलगडणारी जोड-सॉफ्टवेअर) टाकायची भानगड नाही. घरात येणाऱ्या पाहुण्यांनाही व्हीएलसीच्या चिन्हातला तो नारिंगी शंकू ओळखीचा असतो. व्हीएलसीचा उगम पॅरिसच्या एकोल सेंट्राल कॉलेजात १९९६ मध्ये सुरू झालेल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात आहे. २००१ पासून तो जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली सगळ्यांना खुला झाला. आजही त्यात जाहिरात नाही. दुसऱ्या एका फुकट प्लेअरमध्ये (नाव घेत नाही) कोपऱ्यात सतत काहीतरी विकायला असायचं, तो दोन दिवसांत हाकलला.

लग्नाच्या जुन्या डीव्हीडींसाठीही व्हीएलसीच. विंडोज १० मध्ये डीव्हीडी चालवायची सोय आपसूक येत नाही. शिवाय त्या काळच्या कॅमेऱ्यांचं चित्र दोन हप्त्यांत भरलेलं असतं, एक आड एक ओळी. कोणी हलला की कडेला कंगव्यासारखे दात दिसतात. बहुतेक वेळा व्हीएलसी ते आपणच ओळखून दुरुस्त करतं, नाही ओळखलं तर 'डी' दाबायचं. मावशीच्या वरातीतला बॅण्ड आता सुबक दिसतो.

उन्हाळ्यातली दुसरी अडचण आवाजाची. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर तीनवर ठेवला की सिनेमातले संवाद ऐकू येत नाहीत, आणि आवाज वाढवला की मारामारीत शेजारी उठतात. व्हीएलसीत आवाज १२५ टक्क्यांपर्यंत जातो, पण खरा उपाय टूल्समधल्या 'इफेक्ट्स अँड फिल्टर्स'मधला कॉम्प्रेसर. तो चालू केला की कुजबुज वर येते आणि धमाका खाली बसतो. एवढ्याने भागलं नाही तर सबटायटल. मराठी सबटायटलच्या जागी चौकोन किंवा चिन्हं दिसली तर ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून युटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची एक पद्धत, जतन करताना एन्कोडिंगमध्ये मिळते) जतन करा. नोटपॅडमध्येही प्रश्नचिन्हंच दिसत असतील तर मात्र मूळ अक्षरं गेली, दुसरी फाइल शोधा. संवाद पुढेमागे होत असतील तर व्हीएलसीत जी आणि एच दाबून जुळवा.

एमपीसी-एचसीबद्दल थोडक्यात: फक्त विंडोजवर चालतो, दिसायला जुन्या मीडिया प्लेअरसारखा, उघडतो चटकन. २०१७ मध्ये मूळ मंडळींनी काम थांबवलं होतं, पण नंतर एका विकसकाने गिटहबवर (सॉफ्टवेअर ठेवायची एक साइट) ते पुढे चालू ठेवलं. नवी आवृत्ती तिथूनच घ्या, जुन्या नावाच्या इतर साइट्सवरून नको.

व्हीएलसीही ते बनवणाऱ्या व्हिडिओलॅनच्या साइटवरूनच घ्या. २०२२ मध्ये ही साइट भारतात बरेच महिने उघडत नव्हती, तेव्हा लोकांनी कुठून कुठून उतरवून घेतलं. तशी जुनी फाइल पेनड्राइव्हवर पडली असेल तर ती काढून टाका. विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा मोफत सपोर्ट संपलाय, त्यामुळे पावसाळ्यात या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू (फुकट लिनक्स) टाकायचा विचार आहे. तेव्हा एमपीसी-एचसी सुटेल. एमपीव्हीच्या सेटिंगची फाइल बहुतेक जशीच्या तशी चालेल, आणि बाबांना तर शंकू दिसला की पुरे.